जादूबंगल्याचे दार

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दुर्गावहिनींच्या बाळाचा हात बाहेर आला. डोके नाही, पाय नाही. कोपरापर्यंत एक निळसर हात. मी तो स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "आता कळ आली तरी जोर करायचा नाही. तोंड उघडं ठेवा आणि श्वास सोडत राहा."

"का? काय झालं?"

"बाळ आडवं आलंय. डॉक्टर येऊन फिरवतील."

"जिवंत आहे ना?"

मी लाकडी नळी त्यांच्या पोटावर टेकवून कान लावला. ठोके लागत होते. घाईचे, पण स्पष्ट.

"आहे," मी म्हणाले.

ही गोष्ट १९१२ सालच्या थंडीतली, अंजनखेड जंक्शनची. मी तिथल्या म्युनिसिपल दवाखान्यात नर्स होते. नाव सगुणा आढाव. शिक्षण नगरच्या मिशनमध्ये झालेले. घर दादासाहेब मुजुमदार वकिलांचे होते. एरवी त्या घराच्या ओसरीपलीकडे ख्रिस्ती नर्सचे पाऊल पडले नसते, पण बाळंतिणीची खोली तशीही विटाळाची, म्हणून मागच्या दाराने मला वाट होती.

दुर्गावहिनी दादासाहेबांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ आषाढात पटकीने गेला तेव्हा हे मूल पोटात होते. पहिली मुलगी महिन्याची व्हायच्या आत गेली होती. शेत, घर आणि सरकी काढायच्या जिनमधली भागी दोघा भावांची एकत्र. एकत्र कुटुंबात विधवेला अन्नवस्त्र मिळते आणि मुलाला बापाचा हिस्सा, हे अंजनखेडात शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनाही ठाऊक होते. दुर्गावहिनींनी ते सकाळीच मला दोन कळांच्या मध्ये सांगितले होते.

"मुलगा झाला तर मला या घरातून कोणी हलवू शकणार नाही, सगुणाबाई. मुलगी झाली तर केस काढून नाशकाला नेऊन ठेवतील. पोटापुरतं पाठवतील, आठवण राहिली तर."

"दादासाहेब तसे नाहीत."

"तसे नाहीत. पण ते वकील आहेत."

आता त्या गुडघ्यांवर ओणव्या होऊन, छाती गादीला टेकवून पडल्या होत्या. तसे ठेवले की कळांचा रेटा थोडा कमी पडतो. दारात थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या; घरात त्यांना माईसाहेब म्हणत. त्यांनी भिवा गड्याला डॉक्टरांकडे पिटाळले होते, तो मागच्या अंगणात परत येऊन उभा राहिला होता.

"डॉक्टर कुठायत रे?"

"जादूबंगल्यात हाईत, माईसायब. पर दारावर पिंटोसायब नागवी तलवार घिऊन बसलाय. म्हनला, आत काम चाललंय, दार उघडत न्हाई."

"तू सांगितलंस ना घरात बाई अडलीय म्हणून?"

"सांगितलं की. लांबनं सांगितलं."

"लांबनं का?"

"आत मुंडकं ठेवलंय म्हनत्यात. बोलतंया."

माईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "तुझंच मुंडकं नेऊन ठेवा म्हणावं तिथं. बाई, तुम्ही जा. तुमचं ऐकतील. टांगा उभा आहे. मी हिच्यापाशी बसते."

"सोवळ्यात आहात तुम्ही."

"सोवळं उद्या करीन," त्या म्हणाल्या आणि खोलीत येऊन जावेच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

मी निघाले. दुसरा डॉक्टर गावात नव्हता. रेल्वेचे साहेब डॉक्टर दोन दिवस लाईनवर गेले होते. आडवे बाळ आत हात घालून पायांवर फिरवायचे तर बाईला क्लोरोफॉर्म द्यावा लागतो. ते काम डॉक्टर सोहोनींचे. दवाखान्यात ते करताना मी दिवा धरला होता, एवढेच.

जादूबंगला म्हणजे फ्रीमेसन लोकांचे लॉज. रुळांपलीकडे, इंजिनांच्या शेडमागे एक बैठी दगडी इमारत. खिडक्या हात पोचणार नाही इतक्या उंच. रेल्वेचे साहेब, दोघे-तिघे पारशी आणि अलीकडे आपल्यातले एकदोघे महिन्यातून एकदा तिथे जमत. आत काय करतात ते त्यांच्यातले कोणी सांगत नसे, म्हणून ते गावच सांगे. दादासाहेब मुजुमदार हे तिथे घेतलेले पहिले हिंदू. त्यांनीच डॉक्टर सोहोनींचे नाव पुढे केले होते आणि त्या संध्याकाळी डॉक्टरांचा प्रवेश होता.

डॉक्टरांनी ते लपवले नव्हते. दुपारी दुर्गावहिनींना तपासून दवाखान्यात आल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, "उद्या सकाळशिवाय काही होत नाही. संध्याकाळी मी लॉजवर आहे."

त्या वेळी बाळ सरळ होते की डॉक्टरांच्या हाताला कळले नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

"बोकडावर बसवतात म्हणे तिथं, साहेब," कंपाउंडर म्हणाला.

"बसवू देत. आपल्या टांग्याच्या घोड्यापेक्षा बोकड बरा चालत असेल." मग पंच्याला हात पुसत ते थोडे गंभीर झाले. "डोळे बांधून नेतात एवढं खरं. दादासाहेबांनी बजावून ठेवलंय, आत काहीही झालं तरी डगमगायचं नाही. बारा जणांसमोर माझी अब्रू आहे."

सोहोनी गरीब भिक्षुकाच्या घरातले. वारावर जेवून शिकलेले. साहेबांच्या बरोबरीने एका खोलीत खुर्चीवर बसायला मिळणार, याचे त्यांना अप्रूप होते आणि ते लपवता येत नव्हते.

रुळांचे फाटक बंद होते. मालगाडी सावकाश चालली होती आणि टांगेवाला मला तिचे डबे मोजून दाखवत होता. मी त्याला गप्प बसायला सांगितले. गाडीचा शेवटचा डबा गेला तशी उतरून रूळ ओलांडले आणि चालतच पुढे गेले. टांगा मागून आला.

लॉजच्या व्हरांड्यात एकच कंदील होता. त्याखाली टेबल आणि टेबलामागे पिंटो. रेल्वेतून निवृत्त झालेला गोव्याचा गार्ड. पांढऱ्या मिशा, काळा कोट, गळ्यात निळी फीत आणि मांडीवर उघडी तलवार. त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर त्याच्या घरी जात होते. मला पाहून तो उठला, तलवार कुठे ठेवावी हे त्याला कळेना, आणि शेवटी ती त्याने पाठीमागे धरली.

"सगुणाबाय, इथं बाईमाणूस येत नाही."

"मी आत येत नाही, पिंटोबाबा. डॉक्टरांना बाहेर पाठवा. मुजुमदारांच्या घरात धाकट्या सूनबाई अडल्यात. बाळाचा हात बाहेर आलाय."

टेबलावर तबकात डॉक्टरांचे घड्याळ, अंगठी, दवाखान्याच्या किल्ल्या आणि छाती तपासायची नळी ठेवली होती. प्रवेशाला जाणाऱ्याने अंगावर धातूचे काही ठेवायचे नसते, हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच कळले की डॉक्टर आत आहेत आणि त्यांच्या कामाचे सगळे बाहेर आहे.

"आत काम सुरू झालं," पिंटो म्हणाला. "त्यांचे डोळे बांधले आहेत. अशा वेळी दार उघडत नाही."

"मग उघडं कधी असतं?"

"काम संपल्यावर."

"ते कधी संपेल?"

"अर्धा तास. थोडा जास्त."

"अर्ध्या तासात ते बाळ जाईल. कदाचित आईसुद्धा."

पिंटो दाराकडे वळला आणि तलवारीच्या मुठीने त्याने ठोके दिले. एका ठरावीक चालीत, मध्ये थांबून. आतून तशाच चालीत उत्तर आले.

"काय म्हणाले?"

"थांबा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"ठोक्याला तोंड नसतं, बाय."

"तुम्ही बाई अडल्याचं सांगितलंत का त्यात?"

"ठोक्यात तसं काही सांगता येत नाही. बाहेर कोणीतरी आहे, एवढंच जातं."

"मग तोंडानं सांगा."

तो हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरातल्या संध्याकाळी.

"चाळीस वर्षं गाडीच्या मागच्या डब्यात बसलो," तो हळू आवाजात म्हणाला. "सिग्नलचा हात पडल्याशिवाय गाडी हलवली नाही. ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या, पॅसेंजरांनी दिल्या. एकदा शेजारच्या गार्डानं हलवली. सतरा माणसं मेली."

"इथं हात पडलाय, पिंटोबाबा," मी म्हणाले. "मी फडक्यात गुंडाळून आलेय तो."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो टेबलाच्या बाजूला झाला. दारापासून हटला नाही. पण माझ्या आणि दाराच्या मधून हटला. मला वाटते त्या माणसाला तेवढेच करता येत होते.

मी दाराशी गेले. जाड सागवानी दार, चीर कुठे नाही. दोन्ही हात मी त्यावर ठेवले आणि माझ्या आयुष्यात ओरडले नव्हते तशी ओरडले.

"डॉक्टर सोहोनी, मी सगुणा. मुजुमदारांकडे चला. बाळ आडवं आहे, हात बाहेर आलाय. डॉक्टर, मुजुमदारांकडे."

आतले आवाज थांबले. आतापर्यंत कुणीतरी इंग्रजीतून संथ, पाठ केल्यासारखे काही बोलत होते, ते थांबले. पावले वाजत होती, तीही थांबली. मी कान दाराला लावला. खूप आत कुणीतरी थोडक्यात काही विचारले. थोडक्यात उत्तर आले. मग तो पाठ केल्यासारखा आवाज पुन्हा सुरू झाला आणि पावले पुन्हा चालू लागली.

पिंटोनेही ते ऐकले. तो खुर्चीवर बसला.

"त्यांना ऐकू गेलं," मी म्हणाले.

"गेलं," तो म्हणाला.

"मग?"

थोड्या वेळाने तो पुन्हा उठला आणि त्याने चाल-बिल काही न धरता तलवारीच्या मुठीने दार बडवले. चाळीस वर्षे सिग्नल पाळलेला माणूस. आतून एकच ठोका आला, कोरडा, आणि मग काही नाही. तो परत बसला.

मी आणखी हाका मारल्या. किती ते आठवत नाही. परत जावे असेही मनात आले. पण डॉक्टरांशिवाय परत जाऊन मी वहिनींचा हात धरण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, आणि तो माईसाहेबांनी धरला होता. मी तबकातल्या किल्ल्या आणि नळी उचलून घेतल्या. पिंटोने अडवले नाही.

शेवटी दार आतूनच उघडले. आधी हसण्याचा आवाज आला, सिगारचा वास आला, मग माणसे. डॉक्टर सोहोनी पुढे होते. एका पायाची विजार अजून वर दुमडलेली, सदऱ्याच्या गुंड्या उलटसुलट लागलेल्या, आणि चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा. मागून कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. त्यांनी मला पाहिले.

"सगुणाबाई," ते म्हणाले. "तुम्ही खरंच आला होतात?"

मला तो प्रश्न समजला नव्हता. मी नळी आणि किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "निघताना ठोके होते."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ते पायऱ्या उतरून टांग्याकडे पळत सुटले.

दादासाहेब मुजुमदार त्यांच्यामागे तीन-चार माणसे सोडून होते. उंच, ताठ, डोक्यावर पगडी नीट बसवत बाहेर आले.

"काय झालं, नर्सबाई?" त्यांनी विचारले. आवाज नेहमीचा होता, कोर्टातला.

"धाकट्या वहिनी अडल्यात."

"घरी?"

"घरी."

त्यांनी एकदा पिंटोकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि टांग्यात पुढे टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले. फाटक पुन्हा बंद होते. टांगा थांबायच्या आत दादासाहेबांनी उडी मारली. फाटकवाला "साहेब, गाडी लागलीय" म्हणत असताना त्याला बाजूला ढकलून त्यांनी स्वतः फाटक उचलले आणि घोड्याचा लगाम धरून टांगा रुळांवरून ओढत पलीकडे नेला. इंजिनाचा दिवा वळणावर दिसत होता. पन्नाशीतल्या माणसाचे हे काम नव्हते. हे मी पाहिलेले आहे आणि ते वगळून ही गोष्ट सांगणे बरोबर होणार नाही.

दवाखान्यावरून क्लोरोफॉर्म आणि हत्यारे उचलून आम्ही घरी पोचलो. माईसाहेब तशाच बसल्या होत्या. दुर्गावहिनींचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी नळी लावली, जागा बदलून पुन्हा लावली, मग ती माझ्याकडे दिली. मी ऐकले. एक ठोका, बराच वेळ काही नाही, एक ठोका.

"आला का मुलगा?" वहिनींनी विचारले. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरेपर्यंत त्या तेच विचारत होत्या.

डॉक्टरांनी बाळ फिरवले. त्यांचा हात इतका सफाईदार मी कधी पाहिला नव्हता. पाय हाती लागले, अंग आले, डोके आले. मुलगा होता. भरलेला, डोक्यावर दाट केस. तो रडला नाही. आम्ही त्याला गरम पाण्यात धरले, गार पाण्यात धरले, तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली. माईसाहेब कंदील धरून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी त्याला माझ्या हातात दिले आणि ते आईकडे वळले, कारण तिला रक्त जात होते. ते त्यांनी थांबवले. ती वाचली.

बाहेर ओसरीवर दादासाहेब उभे होते. डॉक्टर त्यांच्यासमोरून गेले.

"काय होतं?" दादासाहेबांनी मला विचारले.

"मुलगा."

त्यांनी मान हलवली आणि ते खांबाला धरून खाली बसले.

वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "मुलगा होता ना?" पुढच्या चैत्रात त्यांचा भाऊ येऊन त्यांना साताऱ्याकडे घेऊन गेला. केस काढू दिले नाहीत, हे माईसाहेबांनी केले. अन्नवस्त्राचे पैसे दादासाहेबांनी दर महिन्याला न चुकता पाठवले.

गावात बोलणी झाली. मुंडक्याने बाळ खाल्ले, असे भिवा शपथेवर सांगे. शहाणीसुरती माणसे हळू आवाजात भावाच्या हिश्श्याचे बोलत आणि दादासाहेब दिसले की गप्प होत. लॉजच्या मुख्य खुर्चीवर त्या दिवशी जिनवाले दिनशा शेट होते, ते म्हणत, "मला काय ऐकायला येते, बाई? यंत्रानी कान खाऊन टाकले. कोन्तरी बाहेर बोलते असा वाटला, मी विचारला, मला सांगितला की काय नाय." कोणी सांगितले, ते त्यांना आठवत नव्हते, किंवा सांगायचे नव्हते. पिंटोने पुढच्या महिन्यात तलवार आणि निळी फीत परत केली आणि तो गोव्याला निघून गेला. स्टेशनवर मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "बाय, मी दाराबाहेर होतो. तू जेवढं ऐकलं तेवढंच मी ऐकलं."

डॉक्टर सोहोनी लॉजवर पुन्हा कधी गेले नाहीत. पण तिथे घेतलेली गुप्ततेची शपथ त्यांनी मोडलीही नाही. आम्ही त्यानंतर एकोणीस वर्षे एका दवाखान्यात काम केले, शेकडो बाळंतपणे केली, आणि त्या संध्याकाळचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघाला तो १९३१ साली, पाठीला काळपुळी होऊन ते शेवटचे अंथरुणावर पडले तेव्हा. मी पट्टी बदलत होते.

"सगुणाबाई, तुमचा आवाज मी ऐकला होता."

मी हात थांबवला नाही.

"शब्दन् शब्द ऐकला. मुजुमदारांकडे चला, हात बाहेर आलाय. डोळे बांधलेले, गळ्यात दोरी, कुठं उभा आहे ते कळत नाही. आणि मला वाटलं, काय हुबेहूब केलंय. माझ्या नर्सचा आवाज. दुपारी मी ज्या घरातून आलो, त्याच घराचं नाव. मला वाटलं, हीच ती परीक्षा. इथं जो वळला तो पडला. मी वळलो नाही. मला अभिमान वाटला, सगुणाबाई. तुम्ही बाहेर ओरडत होतात आणि मला आत अभिमान वाटत होता."

"तुम्हाला काय माहीत असणार," मी म्हणाले.

"माहीत असणारे होते ना. तिथं मराठी कळणारे होते. दिनशा शेटनं विचारलं, बाहेर काय आहे. एकानं उत्तर दिलं, काही नाही, चालू द्या."

"कोणी?"

ते भिंतीकडे पाहू लागले.

"आवाज ओळखीचा होता का?"

"ओळखीचा होता."

"दादासाहेबांचा?"

"त्यानंतर मला गुडघ्यावर बसवलं आणि शपथ दिली," डॉक्टर म्हणाले. "या दाराच्या आत जे पाहिलं, जे ऐकलं, ते बाहेर काढणार नाही. ते उत्तर मी शपथेआधी ऐकलं म्हणून मोकळं, की दाराच्या आत ऐकलं म्हणून बांधलेलं, याचा मी एकोणीस वर्षं विचार करतोय. तुम्ही वकिलाला विचारा, तो सांगेल ते शपथेत येतं का. पण गावात वकील एकच चांगला आहे."

हे बोलून ते हसले. हसल्यामुळे पाठ दुखली. त्यांनी पाणी मागितले, मी दिले. तीन दिवसांनी ते गेले. अंत्ययात्रेत दादासाहेब शेवटपर्यंत अनवाणी चालले.

दवाखान्यात बाळंतिणींची वेगळी खोली आहे. ती दादासाहेबांनी त्या प्रसंगानंतरच्या वर्षी स्वतःच्या पैशाने बांधून दिली. दारावरच्या दगडावर त्यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. उद्घाटनाला ते आले नव्हते. नंतरही कधी आले नाहीत. पैसे लागले की कारकुनाबरोबर पाठवत.

गेल्या महिन्यात एका दुपारी ते आले. वय ऐंशीच्या घरात, काठी हातात, बरोबर कोणी नाही. खोलीत दोन बाळंतिणी होत्या, म्हणून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला नर्सबाईच म्हटले होते. त्या दिवशी प्रथमच नाव घेतले.

"सगुणाबाई, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या संध्याकाळी तुम्ही लॉजच्या दारावर हाक मारलीत. नुसती डॉक्टरांच्या नावानं मारलीत, की आमच्या घराचं नाव घेतलं होतं?"

खोलीत एका बाळाने सूर धरला होता. तो थांबेपर्यंत मी थांबले.

"पहिल्याच हाकेत घेतलं होतं," मी सांगितले. "दोनदा."

त्यांनी उंबऱ्याच्या आत, दुसऱ्या खाटेवरच्या मुलाकडे बराच वेळ पाहिले. ऐकू आले नव्हते म्हणून विचारले, की आणखी कुणाला ऐकू गेले आहे ते जाणून घ्यायला विचारले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मी विचारलेही नाही.

"दोनदा," ते म्हणाले. मग काठी टेकत पायऱ्या उतरले, आणि टांगा उभा असताना चालतच रुळांपलीकडच्या जादूबंगल्याच्या दिशेने गेले.